कनिष्ठ सदस्य आधी

अंजनाबाई रामटेके आपल्या मोठ्या मुलाला रोज दुपारी फोनवर एकच प्रश्न विचारायच्या, आणि तो 'जेवला का?' हा नव्हता. फौजेत माणूस उपाशी राहत नाही, एवढं त्यांना माहीत होतं. त्या विचारायच्या, "कोनासंग जेवला?"

मुलगा, म्हणजे यशदीप, फौजेत होता. पण बंदूकवाल्या फौजेत नव्हे, फौजेच्या कायदा शाखेत. फौजेला वकील लागतात ही गोष्ट रायपूरच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत पटली नाही. "मंग तुमी दुश्मनावर केस टाकता का?" असं एका मामांनी भर लग्नात विचारलं होतं. यशदीपनं खुलासा केला की केस दुश्मनावर नसते, आपल्याच लोकांवर असते. त्यावर मामा म्हणाले, "ते तं आमी घरीबी करतोच."

त्याचं मुख्य काम कोर्ट मार्शलला बसण्याचं. तिथे काही अधिकारी न्यायाधीश होऊन बसतात. त्यांना कायदा येत नाही, म्हणून शेजारी एक कायदेवाला बसवतात. तो मत देत नाही, बाजू घेत नाही, फक्त कायदा सांगतो. आणि आपली बाजू कुठलीच नाही हे चारचौघांना दिसावं म्हणून, खटला चालू असेपर्यंत तो कुणाबरोबर जेवतही नाही. निदान यशदीपच्या पहिल्या साहेबानं त्याला असंच शिकवलं होतं, आणि पहिल्या साहेबानं शिकवलेलं माणूस सहसा विसरत नाही, चुकीचं असलं तर अजिबातच नाही. मेसच्या कोपऱ्यात त्याचं वेगळं टेबल लागायचं. मेसचा हवालदार त्यावर फुलदाणी ठेवायचा, बहुधा सोबत म्हणून. एक खटला संपला की दुसरं ठाणं, दुसरा खटला, दुसरी फुलदाणी.

त्यामुळे आईच्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. "सगळ्यांसंग, आई."

शपथेवर खोटं बोलणाऱ्याचं काय करावं, याचा सल्ला तो पगार घेऊन द्यायचा. आईसमोर शपथ नव्हती.

त्याचं कमिशन मुदतीचं होतं. मुदत चौदा वर्षांनी संपली. फौजेनं लाकडी पाटीवर पितळी तलवार लावून दिली आणि लेफ्टनंट कर्नल यशदीप धर्मपाल रामटेके चाळिशीला टेकलेले असताना मोकळे झाले. लग्न राहूनच गेलं होतं. दोनदा ठरत आलं होतं. दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी दिलेली तारीख आणि खटल्याची तारीख एकाच आठवड्यात आली. खटला पुढे ढकलता येत नाही.

जाण्याआधी फौजेनं एक वर्ग भरवला होता, सिव्हिलमध्ये कसं शिरावं याचा. टाय घातलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं की बाहेरच्या जगाला शिस्तीची फार गरज आहे. बाहेरच्या जगाला हे कुणी कळवलं होतं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मग यशदीपनं अर्ज केले. बँकेत, दिल्लीच्या एका आयोगात, आणि नव्या रायपुरातल्या एका सरकारी महामंडळात विधी अधिकारी म्हणून. महामंडळाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तुम्ही हे वाचेपर्यंत ते दुसऱ्या महामंडळात विलीन झालेलं असेल.

मुलाखतीत तिघांनी मिळून एकच प्रश्न विचारला. "आपको नोटशीट लिखना आता है?"

"फौज में भी फाइल होती है, सर."

"नहीं, वो वाली नहीं," म्हणत तिघंही खिन्नपणे हसले.

बँकेचा पगार जास्त होता, आयोगाचं पद मोठं होतं. तरी यशदीपनं महामंडळ निवडलं. कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. मुलाखतीच्या दिवशी दुपारी तो दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा नळ शोधत होता. तिथे रेकॉर्ड रूमचं दार अर्धवट उघडं होतं. आत एका टेबलावर डबे उघडे ठेवून तीन माणसं जेवत होती, आणि प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्याच डब्यात होता. एक बाई म्हणत होत्या, "शिशिर, तू भाजी खाऊन राहिला का भाजीचं ऑडिट करून राहिला?" यशदीप पाणी न पिताच परत फिरला.

नव्या रायपुरात त्याला सरकारी फ्लॅट मिळाला. हे शहर भविष्यासाठी बांधलेलं आहे आणि भविष्य अजून राहायला आलेलं नाही. रस्ते सहा पदरी. संध्याकाळी सिग्नल हिरवा होतो तेव्हा कुणी जात नाही आणि लाल होतो तेव्हा कुणी थांबत नाही. यशदीप थांबायचा. आई जुन्या शहरात, गुढियारीत, धाकट्या प्रफुल्लकडे राहायची. तिथे दोन खोल्या होत्या, प्रफुल्ल आणि त्याची बायको चेतना दोघंही नोकरीवर जायचे, आणि मोठा भाऊ तिथे रविवारी मावायचा, सोमवारी नाही.

कामाच्या पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो रेकॉर्ड रूमच्या दारात जाऊन उभा राहिला. चौदा वर्षांत त्याला कधी कुठल्या टेबलाशी 'बसू का' असं विचारावं लागलं नव्हतं, त्यामुळे वाक्य जमेना.

"या ना जी, कॅप्टन साहेब," त्याच बाई म्हणाल्या. "उभे काहून? इथं सलामी नाही द्या लागत."

या अधीक्षक पद्मिनी देशकर. रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं जुनं नागपुरी घर, निवृत्तीला दोन वर्षं, आणि महामंडळात त्यांच्या संमतीशिवाय पंखाही फिरत नाही असा लौकिक. यशदीपनं एकदाच सांगितलं की तो कॅप्टन नाही, लेफ्टनंट कर्नल आहे. "तेच ते," पद्मिनीबाई म्हणाल्या, आणि त्याची जी पदावनती कुठलंही कोर्ट मार्शल करू शकलं नसतं ती तिथल्या तिथे कायम झाली. दुसरे लेखा शाखेतले शिशिर भैया. त्यांना मराठी समजायची पण बोलताना हिंदीतच सापडायचे. तिसरी मोनाली, सगळ्यात कनिष्ठ, सहायक ग्रेड तीन. वडील रायपूरच्या दुसऱ्या टोकाला, उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर; आई नाही; रोज स्कूटीवरून एवढ्या लांब यायची आणि आल्यावर आधी रुमालानं तोंडावरची काळी धूळ पुसायची.

"डबा कुठं हाय?" पद्मिनीबाईंनी विचारलं. यशदीपनं फॉइलमधलं सँडविच दाखवलं. तिघांनी ते असं पाहिलं की जणू पुरावाच समोर आला आहे.

"बाप्पा! म्हून तं पाकिस्तान भेत नाही आपल्याले," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या डब्यातली पाटवडी त्याच्यासमोर सारली.

त्या दुपारी फोन आला. "कोनासंग जेवला?"

यशदीपनं पहिल्यांदा नावं सांगितली. देशकर बाईंनी पाटवडी दिली, हेही सांगितलं.

"दिली," अंजनाबाई म्हणाल्या. "आन तुह्या डब्यातलं घेतलं का त्यायनं?"

"आज माह्याकडे काही नव्हतं."

"उद्या ने. आन मले सांग."

त्यांच्या प्रश्नाला जुनं कारण होतं. यशदीपचे वडील धर्मपाल रामटेके रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात नोकरीभर एका ठरलेल्या बाकावर जेवले. बाक त्यांचाच होता, कारण दुसरं कुणी त्यावर बसत नसे.

यशदीपनं दुसऱ्या दिवशी स्वतः केलेलं वांग्याचं भरीत नेलं. मोनालीनं डब्यात डोकावून पाहिलं. "सर, ये भरता है, या सबूत जलाए हैं?" शिशिर भैयांना ठसका लागला. पद्मिनीबाईंनी पोळीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, चावलं, विचार केला. "मीठ बरोबर हाय," त्या म्हणाल्या, आणि आणखी घेतलं.

"घेतलं," त्यानं फोनवर कळवलं. पलीकडे कुठलंतरी भांडं वाजलं.

असं दिवाळीपर्यंत चाललं. यशदीपचं भरीत सुधारलं नाही, पण त्याची थट्टा सुधारत गेली, आणि त्याला वाटू लागलं की सिव्हिलमध्ये शिरण्याचा जो वर्ग फौजेनं भरवला होता तो खरं तर या टेबलावर भरायला हवा होता.

दिवाळीच्या तोंडावर नत्थूची गाडी म्हशीला धडकली.

नत्थू महामंडळाचा चालक. गाडी महामंडळाची. जागा अभनपूरच्या पुढची, जिथे महामंडळाचं काहीही काम नाही. गाडीच्या तोंडाचा चुराडा झाला आणि मागच्या सीटवर जिमीकांद्याचं, म्हणजे सुरणाचं, भरलेलं पोतं सापडलं. दिवाळीला इकडे जिमीकांदा लागतोच. म्हशीला काही झालं नाही. या प्रकरणातली ती एकमेव साक्षीदार होती जी कुणाच्या हाताखाली काम करत नव्हती, पण तिला बोलावलं गेलं नाही.

नत्थू निलंबित झाला: सरकारी वाहन खाजगी कामासाठी नेलं. तो सगळ्यांना सांगत सुटला, "मोर घर मा जिमीकांदा कोनो नई खाय, गला खजुवाथे!" आमच्या घरी जिमीकांदा कुणी खात नाही, घसा खाजतो. तो कुणाच्या घरी खाल्ला जातो हे तिन्ही मजल्यांना ठाऊक होतं. एम.डी. साहेबांच्या घरी दिवाळीला पन्नास पाहुणे यायचे होते.

एम.डी. साहेबांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष यशदीप रामटेके. सदस्य पद्मिनी देशकर, शिशिर आणि मोनाली. म्हणजे जेवणाचं टेबल उचलून समिती केली. एकत्र जेवणारी माणसं एकत्र सहमत होतात, हा साहेबांचा आयुष्यभराचा प्रशासकीय अनुभव होता.

आदेश हातात पडला त्या दुपारी यशदीपनं आपला डबा आपल्याच खोलीत उघडला.

त्यानं हे ठरवून केलं नाही. पाय वळलेच नाहीत. चौकशी सुरू झाली, आता सदस्यांबरोबर जेवायचं नाही. हे इतकं साधं होतं की सांगायलाही तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी पद्मिनीबाई दारात आल्या.

"काय जी, काही चुकलं का आमचं?"

"नाही ताई. चौकशी चालू आहे ना. संपेपर्यंत मी वेगळा जेवतो. तसा रिवाज आहे."

"कोनाचा?"

"फौजेचा."

त्यांनी त्याच्या डब्याकडे पाहिलं. "मी तुमचं जळकं वांगं खाल्लं दोन महिने," त्या म्हणाल्या. "घरी माही सासू हाय अजून, ब्याऐंशीची. तिनं विचारलं, कोन हाय तो रामटेके? मी म्हटलं, माह्या टेबलावरचा हाय. तिनं पुढं नाही विचारलं. आन तुमी आता म्हणता येगळं बसतो."

"त्यासाठी नाही हो..."

"माहीत हाय तुमी त्यासाठी नाही म्हणून राहिले. पण दिसते तं तसंच." आणि त्या गेल्या.

आईला त्यानं सांगितलं, "सगळ्यांसंग." सवय मोडलेली नव्हती.

चौकशी लांबण्यासारखी नव्हती. नत्थूचं म्हणणं घेतलं, पोतं पाहिलं, आणि मत ठरवण्याच्या दिवशी चौघं बैठकीच्या खोलीत बसले. पद्मिनीबाईंनी घसा साफ केला. त्यांनी काय म्हणायचं ठरवलं होतं ते नंतर कळलं: चालकास सक्त ताकीद द्यावी आणि कामावर घ्यावं. नत्थू सुटला असता, साहेब सुटले असते, बाकीच्यांनी 'सहमत' म्हटलं असतं, आणि दिवाळीला सगळे घरी गेले असते.

"थांबा ताई," यशदीप म्हणाला. "कनिष्ठ सदस्य आधी."

"काहून?"

यशदीपनं समजावून सांगितलं. या गोष्टीचा त्याला अभिमान होता. कोर्ट मार्शलमध्ये मत द्यायची वेळ आली की सगळ्यात कनिष्ठ अधिकारी आधी बोलतो, मग त्याच्या वरचा, आणि अध्यक्ष शेवटी. वरिष्ठ आधी बोलला तर कनिष्ठ दबतो. इतक्या वर्षांत या नियमानं त्यानं तरुण कॅप्टनना ब्रिगेडियरसमोर निर्भयपणे बोलताना पाहिलं होतं. फौजेतून सोबत आणण्यासारखं काही असेल तर हेच, असं त्याला वाटायचं. पितळी तलवारीपेक्षा नक्कीच.

सगळ्यांनी मोनालीकडे पाहिलं.

"सर, सच बोलूँ?"

"तेच बोलायचं आहे."

तिनं पद्मिनीबाईंकडे पाहिलं. पद्मिनीबाई खिडकीकडे पाहत होत्या.

"उस दिन मैं साहब के केबिन में डिक्टेशन ले रही थी," मोनाली म्हणाली. "साहब ने मेरे सामने नत्थू भैया को फोन लगाया। बोले, अभनपुर का बाज़ार है आज, मैडम के लिए जिमीकंद ले आ, गाड़ी ले जा। नत्थू भैया बोले, साहब, गाड़ी की पर्ची? साहब बोले, पर्ची बाद में।" ती थांबली. "बस. नत्थू भैया की कोई गलती नहीं है, सर. भैंस की भी नहीं."

यशदीपनं ते शब्दशः उतरवून घेतलं.

"शिशिर भैया?"

"मैं तो उस दिन छुट्टी पे था."

"तू माह्या शेजारी बसून आलूगुंडा खाऊन राहिला होता," पद्मिनीबाई खिडकीकडे पाहतच म्हणाल्या.

"तो फिर... सहमत."

"ताई?"

पद्मिनीबाई खिडकीकडून वळल्या. "पोट्टी खरं बोलली," त्या म्हणाल्या. "आता मी काय येगळं बोलू? लिहा, सहमत."

अहवालात चौघांची मतं नावानिशी, क्रमानं टाइप झाली. सगळ्यात वर: कु. मोनाली, सहायक ग्रेड तीन.

एम.डी. साहेब मोठे माणूस होते. त्यांनी अहवाल वाचला, नत्थूचं निलंबन त्याच दिवशी मागे घेतलं, आणि मोनालीला बोलावून म्हणाले की अशा निर्भीड मुलींची गरज मुख्यालयापेक्षा जिल्ह्यात जास्त आहे. दूर बस्तरात, कोंडागावच्या आगारात तिची बदली झाली. कारण: प्रशासकीय. वडिलांचं काय, असं तिनं विचारलं तेव्हा साहेब म्हणाले की पिताजींना अभिमान वाटेल.

चौकशी संपली होती, म्हणून यशदीप डबा घेऊन रेकॉर्ड रूममध्ये गेला. टेबल होतं. पद्मिनीबाई एकट्याच होत्या. शिशिर भैयांना अचानक गॅसेसचा त्रास सुरू झाला होता आणि ते आपल्या जागेवर बिस्किटं खात होते. मोनाली खाली, स्टँडवर, स्कूटीवर बसून होती.

"बसा," पद्मिनीबाई म्हणाल्या. डबा पुढे सारला नाही.

"ताई, मला वाटलं होतं..."

"कॅप्टन साहेब, एक विचारू? तुमच्या फौजेत तो लहाना पोट्टा आधी बोलते. मंग त्यानं काय म्हटलं ते बाहेर कोनाले समजते का?"

यशदीपनं डबा टेबलावर ठेवला.

समजत नाही. कोर्टाचा प्रत्येक सदस्य शपथ घेतो की कुणी काय मत दिलं हे कधीही, कुणालाही सांगणार नाही. निकाल कोर्टाचा असतो. नावं आत राहतात. ही शपथ यशदीपनं स्वतः किती जणांना दिली असेल. ती इतकी रोजची होती की ती नियमाचाच भाग आहे हे त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. दार बंद असतं म्हणून लहान आधी बोलतो. त्यानं लहानाला आधी बोलायला लावलं आणि दार उघडं ठेवलं.

"नाही समजत," तो म्हणाला.

"तेच म्हणते मी. अर्धाच नियम आणला तुमी." त्यांनी झाकण लावायला घेतलं. "आमच्याकडे मोठा आधी बोलते. तुमाले वाटते, लहानाले दाबाले. दाबतेच, नाही म्हणत नाही. पण मोठा बोलला, लहानानं मान हलवली, तं जे येते ते मोठ्यावर येते. माही दोन वर्षं राहिली. माही कुठं बदली करतील? तात्यापाऱ्याच्या पुढं पेन्शनच हाय. म्हून मी आधी बोलून राहिली होती."

"पण तुम्ही खरं बोलणार नव्हता, ताई."

"नव्हती," त्या म्हणाल्या. "खरं सगळ्यांले माहीतच होतं. त्याले बोलायची काय गरज?"

यावर युक्तिवाद करता आला असता. दोन्ही बाजूंनी. यशदीपनं डबा न उघडताच उचलला आणि वरच्या मजल्यावर गेला.

"सर, रिपोर्ट में क़ानूनी कमी है," त्यानं एम.डी. साहेबांना सांगितलं. "समिति का मत एक होता है। सदस्यों के नाम से अलग-अलग राय लिखी नहीं जाती। ग़लती मेरी थी। मैं रिपोर्ट वापस लेकर नई देता हूँ।"

साहेबांचा चेहरा उजळला. "यानी निष्कर्ष भी नया?"

"निष्कर्ष वही रहेगा, सर। सिर्फ़ मेरे नाम से।"

"और लड़की ने क्या कहा था?"

"लड़की ने कुछ नहीं कहा। समिति ने कहा।"

"समिति कौन?"

"मैं."

साहेब मागे टेकले आणि त्यांनी पहिल्यांदा यशदीपकडे नीट पाहिलं. "आप लेफ्टिनेंट कर्नल थे ना?" ते म्हणाले. "ये लोग आपको कैप्टन क्यों बोलते हैं?"

सिव्हिलमध्ये आल्यापासून त्याची रँक बरोबर सांगणारा हा पहिलाच माणूस.

"अगर किसी ने कुछ कहा ही नहीं," यशदीप म्हणाला, "तो फिर उस तबादले का कोई कारण नहीं बचता, सर। कोई पूछे तो."

"कोई पूछेगा?"

"मैं विधि अधिकारी हूँ। पूछना मेरा ही काम है।"

साहेबांनी पेनला टोपण लावलं. मग आपुलकीनं विचारलं, "उरला में अपना पुराना गोदाम देखा है आपने?"

दोन आदेश एकाच दिवशी निघाले. मोनालीची बदली प्रशासकीय कारणास्तव रद्द झाली आणि यशदीपची प्रशासकीय कारणास्तव झाली. कारण एकच असल्यामुळे कागद वाचला.

निरोपसमारंभ झाला नाही. परिवीक्षेतल्या माणसाला तो देत नाहीत, आणि दिला असता तरी शिशिर भैयांचे गॅसेस कमी झाले नव्हते. निघताना तो रेकॉर्ड रूमपाशी थांबला. आत दोघीच जेवत होत्या. मोनालीनं खुर्ची मागे सरकवली, पण पद्मिनीबाईंनी नजरेनंच तिला बसवलं. कॉरिडॉरमध्ये साहेबांचा शिपाई उभा होता. यशदीपला ते कळलं. बाई आता पूर्ण नियम पाळत होत्या. त्यानं दार ओढून घेतलं आणि तो निघाला.

उरल्याचं गोदाम महामंडळाच्या चांगल्या दिवसांत बांधलेलं होतं. आता त्यात जुन्या दाव्यांची गाठोडी होती आणि बाहेर दिवसभर सळ्यांचे ट्रक. रोलिंग मिलची काळी पूड बंद खिडकीतूनही आत यायची. चौकीदार सकाळी कुलूप उघडून जायचा आणि संध्याकाळी लावायला यायचा. मधल्या वेळात सरकार म्हणजे यशदीप. पण टेबल मोठं होतं. कधीकाळी संचालक मंडळासाठी घेतलेलं, सागवानी, भोवती बारा खुर्च्या. पहिल्या दिवशी तो सवयीनं मधल्या, अध्यक्षांच्या खुर्चीत बसला. मग उठून टोकाच्या खुर्चीत जाऊन बसला, जिथे कोर्टात सगळ्यात कनिष्ठ बसतो. आधी बोलायचा हक्क आता त्याचा होता.

सकाळी तो उरल्याकडे यायचा तेव्हा मोनाली उलट दिशेनं नव्या रायपूरला निघालेली असायची. चौकात गाठ पडली की ती स्कूटीवरूनच त्याला सलाम ठोकायची. उजवा हात अॅक्सिलरेटरवर असल्यानं सलाम डाव्या हातानं व्हायचा. फौजेत हा गुन्हा आहे. त्यानं दुरुस्त केला नाही.

एका दुपारी त्यानं टेबल पुसलं, डबा उघडला, आणि फोन वाजला.

"कोनासंग जेवला?"

त्यानं अकरा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "एकटाच हाय, आई."

पलीकडे भांडं वाजलं.

"काल?"

"कालबी."

"आन फौजेत?"

"फौजेतबी. टेबल येगळं राहे माहं."

"माहीत हाय मले," अंजनाबाई म्हणाल्या. "सगळ्यांसंग जेवते म्हणे. सगळ्यांसंग जेवनाऱ्याच्या मांगं आवाज नाही येत का? तुह्या फोनात कधी चमचा नाही वाजला."

पलीकडे पुन्हा काहीतरी वाजलं, वाटी ताटावर टेकल्यासारखं. हा आवाज त्यानं वर्षानुवर्षं ऐकला होता. त्याला वाटायचं, आई जेवण उरकून भांडी आवरते आहे.

"आई, तू काय करून राहिली?"

"जेवून राहिली. दुसरं काय? तुहे बाबा गेल्यापासून याच टाइमाले बसते मी ताटावर. प्रफुल्ल जाते, चेतना जाते. घरात कोन हाय? मंग लावते तुले फोन."

बाहेरून सळ्यांचा ट्रक गेला. काचा थरथरल्या. तो जाईपर्यंत दोघंही थांबले.

"भाजी काय हाय?" तिनं विचारलं.

"भरीत."

"जळलं असन."

"हव."

"वरून कच्चं तेल टाक थोडं. आन फोन नको ठेवू."

तेल नव्हतं. त्यानं फोन समोरच्या खुर्चीपुढे, डब्याच्या झाकणाला टेकवून उभा केला आणि पोळीचा तुकडा मोडला. आधी कोणी बोलायचं याचा इथे काही नियम नव्हता. नुसता ताटावर, डब्यावर हात फिरल्याचा आवाज येत राहिला, दोन्हीकडून.